भुसावळला नवीन राहायला आलोय, शेजारी घरातलं सगळं विचारतात. किती सांगायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही रत्नागिरीकडच्या. यजमानांची रेल्वेत बदली झाली म्हणून भुसावळला भाड्याने घर घेतलंत. आल्या दिवसापासून गल्लीतल्या बायका सासर कुठलं, माहेर कुठलं, पगार किती, मुलगी किती महिन्यांची, सगळं विचारतायत. सासरे जाऊन चार महिने झालेत, ते अजून तुम्ही कोणाला बोलला नाहीत. त्यात आता वांग्याच्या भरताच्या पार्टीचं आमंत्रण आलंय, पुढे संक्रांत आहे. लोकांत मिसळायचं तर किती, आणि सांगायचं तर काय काय?

माझं माहेर धरणगावचं, सासर भुसावळचं. म्हणजे मीही या गल्लीत बाहेरूनच आले, फक्त तुमच्याइतकी लांबून नाही.

आधी पगाराचं संपवू. तो सांगू नका. "भागतं आक्का, देवाच्या दयेनं," एवढं म्हणा आणि चहा ठेवा. इथे खरा आकडा कोणीच सांगत नाही आणि विचारणारीलाही तो ऐकायचा नसतो. रेल्वेत आहात म्हटल्यावर पगाराची लेव्हल तिला तुमच्याआधी ठाऊक असते. अर्ध्या भुसावळच्या घरात रेल्वेचा माणूस आहे.

सासऱ्यांचं मात्र आजच सांगा. भरताला जायच्या आधी.

कारण इथली चौकशी तुम्हाला नुसती भोचक वाटतेय. थोडी आहेच भोचक, नाही कशाला म्हणू? "काय वं माय, काल कोन पाव्हने आल्ते?" हे ओट्यावरून मोठ्याने विचारलं की मलाही सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पण दोन-तीन हिवाळे काढलेत की कळेल, इथला सण घराघरात वेगळा नसतो, गल्लीचा मिळून असतो. कोणाच्या घरी यंदा काय झालंय हे माहीत असल्याशिवाय तो करताच येत नाही. कोणाची सून नवी, म्हणजे तिची पहिली संक्रांत. कोणाचं लेकरू वर्षाच्या आतलं, म्हणजे बोरन्हाण. कोणाकडे मयत झालेली, म्हणजे त्या घरी यंदा सण नाही, कढई चढणार नाही, तिथे ताट आपण पोचवायचं. ही यादी कुठे लिहिलेली नसते. ती विचारून-विचारूनच तयार होते.

तुमच्याकडे दुःखाचं वर्ष आहे हे कळलं नाही, तर संक्रांतीच्या सकाळी पाच घरच्या बाया "तुमच्या गुळाच्या पोळ्या झाल्या का?" विचारत येतील आणि तुम्हाला दर वेळी दारात उभं राहून तेच सांगावं लागेल. एकदा कळलं, की कोणी विचारणार नाही. ताटं येतील. ती ताटं घ्या. "आम्हाला चालत नाही" म्हणून परत पाठवू नका. घरात तळायचं नाही हा तुमचा नियम, दुसऱ्याच्या घरून आलेलं खायचं नाही असा कुठे नियम नाही. सगळ्यांना सांगत फिरायचीही गरज नाही. समोरच्या आक्कांना एकदा नीट सांगा, गल्ली आपोआप कळवून घेते. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, पण त्यावर नळ आले का, लाइट कधी येणार एवढंच चालतं. घरातल्या गोष्टी अजून ओट्यावरूनच जातात, आणि मला वाटतं तेच बरं आहे. ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकून माणूस मोकळा होतो. ओट्यावर कळलं की दारावर यावं लागतं.

आता भरताकडे वळते, कारण तुम्ही लिहिलंय की "वांग्याचं भरीत आम्हीही करतो, त्यासाठी पार्टी कशाला?" बाई, हे वाक्य इथे कोणासमोर बोलू नका!

जळगाव जिल्ह्याच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद, भालोद हा पट्टा त्यासाठी नावाजलेला. वांगी मोठी, हिरवी-पांढुरकी, हातात घेतली की आकाराच्या मानाने हलकी लागतात, बिया कमी. बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बंद असतं. चंपाषष्ठीला खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, तळी भरली, की वांगं सुटतं, आणि तिथून पुढे थंडीभर कोणा ना कोणाच्या शेतात किंवा गच्चीवर भरीत होतच राहतं.

ते गॅसवर होत नाही. कपाशी वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतात. जाळ भडकून लगेच खाली बसतो, त्यात वांग्याला बाहेरून काळं होईपर्यंत फिरवायचं. मग ती परातीत घेऊन सगळ्याजणी गोल बसतात, शेजारी पाण्याची वाटी. बोट पाण्यात बुडवायचं, चटका बसायच्या आत साल ओढायचं, परत बोट पाण्यात. देठ ठेवायचा, धरायला बरा पडतो. सोललेली वांगी बडगी नावाच्या लाकडी भांड्यात घालून भाजलेल्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचतात. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि तेल बघून तुम्ही घाबराल एवढं तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. वाढायचं केळीच्या पानावर. पान विकत आणावं लागत नाही, हा या जिल्ह्याचा थाट.

यात तुमच्या कामाची जागा म्हणजे ती परात. पुरुष जाळापाशी उभे राहून कापसाचा भाव आणि राजकारण काढतात, ते सोडून द्या. खरी बातमी परातीभोवती निघते. वांगं सोलताना सगळ्यांचे डोळे हातावर असतात, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून अवघड गोष्ट बोलायला सोपी जाते. आमच्या शेजारणीने नवऱ्याची अँजिओप्लास्टी ठरलीय हे तिथेच सांगितलं, देठ धरून, मान खाली घालून. कोणी "अरे बापरे" केलं नाही. एकीने विचारलं, "डबा कोनाचा?" आणि तिथल्या तिथे वार वाटले गेले. तुम्हाला सासऱ्यांचं सांगायला दारात जमलं नाही तर तिथे सांगा. आणि हो, दुःखाच्या वर्षात भरताला जायला हरकत नाही. ते जेवण आहे, सण नाही. तरी मनात आलं तर आक्कांना विचारा, त्या सांगतील तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे काय करायचं.

एक गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. ही गल्ली जितकं विचारते, तितकंच मुद्दाम विचारत नाही. तुळशीचं लग्न झालं की मुलींना पाहायला पाहुणे येऊ लागतात. पौषात ठरवाठरवी टाळतात, म्हणून मार्गशीर्षात धांदल असते. गाडी कुठल्या पासिंगची होती, किती माणसं उतरली, सगळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण पेढे येईपर्यंत "काय झालं?" असं त्या घरी कोणी विचारत नाही. पेढे आले तर "सुपारी फुटली वाटतं!" म्हणून आनंद करायचा. नाही आले तर पाहुणे आलेच नव्हते. तसंच एखादी लेक सासरहून आली आणि परत गेली नाही, की तिला "कधी आलीस?" विचारतात, "कधी जाणार?" नाही. तुम्हीही विचारू नका. सुरुवातीला हेच सांभाळायचं असतं, बाकी चुका माफ असतात.

दत्तजयंतीला आमच्याकडून दोन-तीन घरं सारंगखेड्याच्या यात्रेला जातात. ते तिकडे नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. घोडा कोणालाच घ्यायचा नसतो. लेकी शहादा-दोंडाईचाकडे दिलेल्या, त्यांना भेटून येणं होतं. आल्यावर आठवडाभर तिकडच्या बातम्या पुरतात.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उद्यापनाचं हळदीकुंकू असतं, तिथे बोलावणं आलं तर जा, फळ आणि पोथी मिळते. घरी आमच्याकडे यंदा एवढ्या पोथ्या जमल्यात की कोणाला हव्या असतील तर सांगा.

नाताळ तुम्हाला इथे अपेक्षित नसेल. भुसावळ रेल्वेमुळे मिसळीचं गाव आहे, मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी घरं एका रांगेत असतात, ख्रिस्ती घरंही आहेत. आमच्या गल्लीत एक आहे. डिसेंबर लागला की त्यांच्या गॅलरीत चांदणी लागते, वायर ओढायला गल्लीतलीच पोरं चढतात. 25 तारखेला ताट येतं, त्यात केकचा तुकडा असतोच, पण करंज्या, चकल्या, शंकरपाळेही असतात. त्यांच्या करंज्या आमच्यापेक्षा खुसखुशीत होतात, हे मी दिवाळीत मान्य करत नाही. त्या घरच्या काकूंनाही तुमचं कळू द्या, कारण त्यांचं ताट येणारच आणि तुम्हाला ते घ्यायचंच आहे.

भांड्याचं तुम्ही विचारलंय, की रिकामं परत कसं द्यायचं आणि घरात गोडधोड करायचं नाही. त्यात काय, दोन केळी ठेवा, मूठभर साखर ठेवा, रत्नागिरीहून कोकमं आली असतील तर तीच द्या. इथे आमसुलाला फार किंमत आहे, आमच्याकडे ते पिकत नाही.

संक्रांतीचं. आदल्या दिवशी भोगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, ही तुम्ही करा, त्यात तळण नाही. पोरं गच्चीवर पतंग घेऊन असतात, दोरीवर कपडे वाळत घालू नका आणि लहान मुलीला घेऊन गच्चीवर जाऊ नका. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी कोणी ना कोणी आणतंच. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. यंदा तुम्ही ठेवायचं नाही, पण बोलावणं आलं तर वाण घेऊन या. तुमच्या सासूबाई सोबत असतील तर त्यांनाही घेऊन जा. काही घरांत अजून विधवा बाईला दारातच थांबवतात, मला ते पटत नाही आणि मी तसं तोंडावर बोलते. आमच्या गल्लीत आता तिळगूळ आणि वाण सगळ्यांना देतात. कुंकवाची कोयरी पुढे केली तर ज्यांना लावायचं त्यांनी लावावं, नाही त्यांनी नाही. दोघी-तिघी म्हाताऱ्या अजून कुरकुरतात, पण वाण घ्यायला त्याही येतात.

शेवटचं तुमच्या मुलीचं, ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांची आहे, पहिली संक्रांत आहे, पण दुःखाचं वर्ष असल्यामुळे बोरन्हाण राहूनच जाणार. राहू देऊ नका. पहिल्याच वर्षी झालं पाहिजे असं काही नाही, पाच वर्षांपर्यंत कधीही करतात, पण पुढच्या वर्षी तुमची बदली कुठे असेल कोण जाणे. तुमच्या घरी करायचं नसेल तर समोरच्या ओट्यावर करतील. इथे असं सर्रास होतं, घर दुसऱ्याचं, पाट दुसऱ्याचा, लेकरू तुमचं. आक्कांना फक्त मुलीचे महिने सांगा, बाकीचं त्या स्वतःच काढतील. बोरं, ओल्या हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या, गोळ्या-चॉकलेटं हे गल्लीत जमतं. एवढ्या लहान लेकराच्या डोक्यावर चुरमुरे आणि रेवड्याच जरा टाका, बोरं आणि उसाचे तुकडे बाजूने सोडा, आणि खाली पडलेलं वेचायला बाकीची पोरं धावतील तेव्हा तिला उचलून घ्या, नाहीतर ती घाबरून रडते.

हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात, मुलीचे लहान मापाचे मागा. झबलं काळं, सुती. कापड आत्ताच घेऊन टेलरकडे टाका. जानेवारी लागला की ते लग्नाच्या ब्लाउजांत अडकतात आणि लेकराचं झबलं कोणी हातात घेत नाही.