पेठेतलं पंचहौद चर्च आणि चहापलीकडची गोष्ट

तुम्ही विचारलंय, "पुण्याच्या ऐन पेठेत इंग्रजांचं एवढं मोठं चर्च कसं आलं? आणि टिळक-रानड्यांच्या चहाशिवाय त्याला काही इतिहास आहे का?"

मी याच चर्चच्या मंडळीत वाढलो. आमच्या घरी कुणी त्याला चर्च म्हणत नाही, देवळात जातो असंच म्हणतात. पूर्ण नाव पवित्र नाम देवालय. पंचहौद हे नाव पाण्याच्या पाच हौदांवरून पडलं.

'इंग्रजांचं' म्हणाल तर ते कॅम्पातलं सेंट मेरीज. बिशप हेबरनं 1825 मध्ये त्याचं समर्पण केलं, ते पलटणीसाठी. आमचं देवालय 1880 च्या दशकात उभं राहिलं, तेही गुरुवार पेठेत, म्हणजे तेव्हाच्या वेताळ पेठेत. बांधणारे होते ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले संन्यासी. लग्न न करता, मठाच्या नियमानं राहणारी ही माणसं. साहेबांच्या वस्तीत न राहता मराठी बोलणाऱ्या लोकांमध्ये राहायचं, हे त्यांनी ठरवून केलं. माझ्या मते या मिशनचं सगळ्यात मोठं वेगळेपण तेच.

त्यांच्या जोडीला इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स, म्हणजे संन्यासिनी होत्या. मुलींना शिकवणं, आजाऱ्यांची सेवा, निराधारांना आसरा ही कामं मुख्यतः त्यांनी ओढली. पंडिता रमाबाईंची त्यांच्याशी ओळख पुण्यातच झाली. त्या ओळखीवर रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या विचारांवर फादर नेहेम्या गोऱ्हे यांचाही प्रभाव होता. हे मूळचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे, चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे काउलीच्या संघाशी त्यांचा जवळचा संबंध आला. रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतरही मान तुकवली नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी श्रद्धा आणि अधिकार यांवरून त्यांनी पत्रांतून जोरदार वाद घातला. ती पत्रं मिळाली तर जरूर वाचा.

आता चहा. ऑक्टोबर 1890 मध्ये मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हे घडवून आणलं आणि हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. रानडे, टिळक, गोखले सगळे त्यात. ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद उभा राहिला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी घेतलं. पण प्रत्येक पुस्तकात आमचं देवालय या एका कपापुरतंच येतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्यांच्या हातचं पाणीसुद्धा चालत नव्हतं ती माणसं त्याच आवारात रोज राहत होती, शिकत होती, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होती. त्यांची नावं कुणी छापली नाहीत.

एक दुरुस्ती. हे आज अँग्लिकन चर्च राहिलेलं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून आम्ही त्यात आहोत. उपासनेची धाटणी मात्र बरीचशी जुनीच आहे.

बघायला याल तर रविवारी सकाळी, मराठी उपासनेला या. नमस्कार करून मागच्या बाकावर बसलात तरी चालतं, कुणी काही विचारणार नाही. देवालयापासून सुटा उभा असलेला उंच मनोरा दिसेल. त्यात इंग्लंडमधल्या लफबरोहून आणलेल्या आठ घंटा आहेत. प्रत्येक घंटेचा दोर वेगळा, त्यामुळे आठही वाजवायच्या तर आठ माणसं लागतात. लहानपणी नाताळच्या रात्री त्या ऐकायला आम्ही भावंडं अंगणात उभी राहायचो.