डबल फॉल्ट नव्हे, तो टायमर आहे

प्रश्न : मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत स्वतःचं ३२-बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहायला घेतलंय. मेमरीत एक एमबीच्या पत्त्यावर लोड होतं, पडद्यावर अक्षरंही उमटतात. पण इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका) चालू केले की लगेच मीच लिहिलेला 'डबल फॉल्ट'चा संदेश येतो आणि एरर कोड दिसतो १०,५२,७०४. आठ दिवस स्टॅक तपासतेय. चूक कुठे आहे?
– एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : एरर कोड लिहून पाठवलास, फार बरं केलंस. डबल फॉल्ट म्हणजे एक चूक हाताळतानाच प्रोसेसरला दुसरी चूक लागणं, आणि खऱ्या डबल फॉल्टचा कोड नेहमी शून्य असतो. एक एमबी म्हणजे १०,४८,५७६. तुझा आकडा त्याच्या जरासाच पुढे आहे. तो तुझ्याच कर्नलमधला पत्ता आहे, जिथे काम अर्धवट थांबलं तो. हार्डवेअरचा इंटरप्ट एरर कोड ठेवतच नाही, म्हणून तुझा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) स्टॅकवर त्या जागी परतीचा पत्ता वाचतोय. तुझा स्टॅक ठीक आहे, बाई; आला तो टायमरचा इंटरप्ट.

हा घोळ जुना आहे. इंटेलने पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरसाठी राखून ठेवले होते, तरी १९८१च्या आयबीएम पीसीत टायमरला ८ क्रमांक दिला गेला. पुढे इंटेलच्या २८६ प्रोसेसरमध्ये तोच ८ डबल फॉल्टचा झाला. प्रोटेक्टेड मोडमध्ये (तुझं ३२-बिट कर्नल चालतं त्या मोडमध्ये) गेल्यावर पीआयसीला, म्हणजे हार्डवेअरचे इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या दोन चिपना, नवे क्रमांक आपणच द्यायचे : पहिलीला ३२ पासून, दुसरीला ४० पासून.

एवढं केलंस की टायमर एकदाच वाजेल आणि गप्प होईल. मीही इथेच अडकलो होतो, आणि उलगडा झाला तो वडिलांच्या मागामुळे. धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली की माग आपोआप थांबायचा. वडील दुसऱ्या मागावर असले तरी त्यांना कळायचं. ते येऊन कांडी बदलायचे. पण नुसती कांडी बदलून भागत नसे, माग पुन्हा चालू करायला हँडल ओढावंच लागे. पीआयसीचंही तसंच. हँडलरचं काम झालं की पोर्ट हेक्स २० वर (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) 'काम झालं' सांगणारा हेक्स २० हा बाइट पाठवायचा. दुसऱ्या चिपचा इंटरप्ट असेल तर हेक्स ए० वरही. मगच आयरेट, म्हणजे अर्धवट थांबलेल्या कामाकडे परतण्याची आज्ञा.

सुरुवातीला पोर्ट हेक्स २१ वर हेक्स एफई लिही, म्हणजे टायमर सोडून पहिल्या चिपच्या बाकी सगळ्या इंटरप्टच्या ओळी बंद राहतील. दर ठोक्याला एक ठिपका छाप. सेकंदाला अठराच्या आसपास ठिपके आले की कीबोर्डची ओळ उघड, तिचा क्रमांक ३३. त्या हँडलरमध्ये पोर्ट हेक्स ६० वाचायला विसरू नकोस, नाहीतर पुढची कळ पोचणारच नाही.