काळ्या द्राक्षांनी रीडिंग का बिघडवलं?

प्रश्न: मॅडम, मी नाशिकला एमएस्सी बायोकेमिस्ट्री करते. घरची बाग पिंपळगावकडे आहे म्हणून प्रोजेक्टला द्राक्षाची सालच घेतली. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट ताकद रंगावरून मोजायची चाचणी) केलं तर हिरव्या द्राक्षाचं छान येतंय, पण काळ्या द्राक्षाचं एक्स्ट्रॅक्ट वाढवत नेलं की एका ठिकाणानंतर रिझल्ट उलट कमीच होतो, तीनदा केलं तरी तेच. त्यात व्हायवाला सर म्हणाले, यात तू फ्री रॅडिकल (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) पकडलेस कुठे? आमच्याकडे फक्त साधा स्पेक्ट्रो (द्रव किती प्रकाश शोषतो ते मोजणारं मशीन) आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: अगं, तीनदा तेच आलंय म्हणजे हात चुकत नाहीये तुझा, रंग आडवा येतोय. डीपीपीएच जांभळं असतं आणि आपण ते 517 नॅनोमीटरला मोजतो, एक्स्ट्रॅक्टने ते विझवलं की पिवळट होतं आणि रीडिंग उतरतं, बरोबर? आता काळ्या द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य असतं, आणि तेही साधारण 520 च्या आसपासच प्रकाश शोषतं, त्यात एक्स्ट्रॅक्शनला अ‍ॅसिड घातलेलं मिथेनॉल वापरलं असशील तर लाल रंग अजूनच खुलतो. म्हणजे डीपीपीएचचा रंग गेला तरी द्राक्षाचा रंग तिथेच बसलाय आणि मशीनला दोघांतला फरक कळत नाही. हिरव्या द्राक्षात हा रंग नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

उपाय सोपा आहे. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला एक वेगळा ब्लँक लाव, तेवढंच एक्स्ट्रॅक्ट आणि मिथेनॉल, डीपीपीएच नाही, आणि ते रीडिंग वजा कर. एकच ब्लँक सगळ्यांना लावू नकोस, बरेच जण तेच करतात. शिवाय एबीटीएस ही अशीच दुसरी रंगाची चाचणी करून बघ, ते 734 ला मोजतात, तिथे अँथोसायनिन जवळपास आड येतच नाही. पोटॅशियम परसल्फेट घालून रात्रभर अंधारात ठेवायचं, सकाळी निळसर हिरवं तयार. तुझ्या साध्या स्पेक्ट्रोवर होतं हे.

आता सरांचं. बोलणं लागलं असेल पण मुद्दा खरा आहे. डीपीपीएच हे बाटलीतून येणारं, टिकाऊ रॅडिकल, ते शरीरात नसतंच. पेशीतलं हायड्रॉक्सिल रॅडिकल जेमतेम एक नॅनोसेकंद टिकतं, जिथे जन्मलं तिथेच शेजारच्या रेणूवर तुटून पडतं, त्याला क्युव्हेटमध्ये कोण धरणार! म्हणून ईएसआरवाले (एकट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल चुंबकीय क्षेत्रात मोजणारे) डीएमपीओ या रसायनासारखा सापळा टाकतात, रॅडिकल त्याला चिकटलं की जरा टिकाऊ जोडी बनते आणि तिचा सिग्नल दिसतो, हायड्रॉक्सिलचा असेल तर चार रेघा, उंची 1:2:2:1. मला तो आलेख पहिल्यांदा बघितल्यावर फार आनंद झाला होता, कारण एकट्या इलेक्ट्रॉनची खूण त्यातच थेट दिसते. मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात ईएसआर आहे, गाईडच्या पत्रावर चौकशी कर. फक्त सॅम्पल इथे मिसळून नेऊ नकोस, सुपरऑक्साइड या दुसऱ्या रॅडिकलची डीएमपीओबरोबरची जोडी मिनिटाभरातच अर्धी होते, तू कसारा घाटही गाठला नसशील तोवर काही उरणार नाही. मिसळायचं ते तिथेच.

कोणी डीसीएफ डाय (ऑक्सिडेशन झालं की चमकणारा रंग) सुचवेल, चमकतं छान, पण हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्याशी थेट रिअ‍ॅक्ट होत नाही, लोह किंवा पेरॉक्सिडेज मध्ये लागतं, आणि नुसत्या उजेडानेही ते चमकायला लागतं. त्यावरून अमुकच रॅडिकल आहे असं लिहू नकोस.

खरं सांगू, ईएसआर नाही झालं तरी प्रोजेक्ट अडत नाही. शीर्षकात ‘फ्री रॅडिकल डिटेक्शन’ असेल तर ते काढ आणि ‘डीपीपीएच व एबीटीएस विझवण्याची क्षमता’ एवढंच लिही, मोजलंस तेवढंच. आणि सीझन संपायच्या आत काळ्या द्राक्षाची साल काढून, छोट्या पाकिटांत भरून उणे 20 च्या फ्रीजरला टाक, नव्या ब्लँकनी सगळी रीडिंग परत घ्यायची आहेत तुला.