लांबी आणि कोन माणसं नुसत्या नजरेने किती अचूक ओळखतात, हे प्रकल्पात कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: मुलीने नववीच्या गणिताच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलाय, ३० जणांना रेघा आणि कोन दाखवून अंदाज विचारायचेत, तर कागद कसे तयार करायचे आणि आकडे आल्यावर त्यांचं काय करायचं.

कागदापासून सुरुवात करा, कारण निम्मे प्रकल्प तिथेच फसतात. आठ आकृत्या पुरे: चार रेघा, चार कोन. कोऱ्या कागदावर, एका पानावर एकच. रेघी किंवा चौकटीच्या वहीत लोक ओळी मोजून उत्तर काढतात. १० सेमी, ४५° असली गोल मापं घेऊ नका, कारण बहुतेक जण मुळात ५ आणि १० च्या पटीतच बोलतात. तेवढ्यावर उत्तर बरोबर येईल आणि अंदाज किती चांगला ते कळणारच नाही. रेघा ३.७, ८.६, १३.४ सेमी आणि कोन ३७°, ६८°, ११८°, १४३° चालतील. चौथी रेघ पुन्हा १३.४ चीच, पण उभी. ती का, ते पुढे येईल.

छापून घेणार असाल तर प्रिंटर पानात बसवायला आकृती थोडी लहान करतो. त्यामुळे छापलेला कागद पुन्हा मोजा आणि तेच माप खरं धरा. मोजताना पट्टीची कड आणि शून्याची खूण एक नसते, तेवढं बघा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून लांबी विचारण्यात अर्थ नाही, प्रत्येकाच्या फोनवर ती वेगळी दिसते. कोन मात्र फोटो लहान-मोठा केला तरी बदलत नाही.

कोनाच्या भुजा सगळीकडे सारख्या, ५ सेमी ठेवा आणि कोणता कोन विचारलाय तिथे छोटा कंस काढा. ११८° ला कुणी ६२° लिहिलं, तर तो बहुधा अंदाज चुकलेला नसतो, त्याने शेजारचा कोन सांगितलेला असतो. तिथल्या तिथे विचारून घ्या. एककाचंही तसंच: शिंपीकाका इंचात सांगणार, तर इंचच लिहून घ्या आणि घरी २.५४ ने गुणा. वीत, बोट, पेन लावून मोजू देऊ नका. एकेकाला वेगळं बोलवा. पहिल्याने मोठ्याने "पंधरा" म्हटलं की पुढचे त्याच्याच आसपास घुटमळतात. निम्म्यांना आकृत्या उलट क्रमाने दाखवा.

आता हिशोब. समजा १३.४ सेमीच्या रेघेला पाच जणांनी १०, १२, १५, १५, २० सांगितलं. चिन्हासकट चुका: −३.४, −१.४, +१.६, +१.६, +६.६. बेरीज ५, सरासरी १ सेमी. वाटतं, काय भारी अंदाज! पण वजा-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. चिन्ह काढून बेरीज करा: १४.६, म्हणजे माणशी २.९ सेमी, जवळजवळ २२ टक्के. दोन्ही आकडे द्या. पहिला सांगतो गट कुठल्या बाजूला झुकतो, दुसरा सांगतो एकेक माणूस किती चुकतो. मधल्या किमतीसाठी मध्यक घ्या, म्हणजे एखाद्याने ४० लिहिलं तरी गाडी घसरत नाही.

रेघांना टक्केवारी योग्य, कारण रेघ वाढते तशी चूकही वाढते. कोनांना ती लावू नका, माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी चूक तीच. ३७° मध्ये १०° चुकलं तर २७ टक्के, १४३° मध्ये तेच १०° म्हणजे ७ टक्के, आणि निष्कर्ष निघतो की विशालकोन लोकांना जास्त चांगले कळतात! ९०° आणि १८०° हे कोन प्रत्येकाच्या मनात पक्के असतात, अंदाज त्यांच्या आधाराने केला जातो. म्हणून कोनांची चूक अंशातच ठेवा.

मग "लांबी जास्त अचूक की कोन" हे ठरवायचं कसं? टक्के आणि अंश यांची सरळ तुलना होत नाही, तो प्रश्नच बदला: ज्याला लांबी जमते त्याला कोनही जमतो का? प्रत्येकाची लांबीतली सरासरी चूक काढून १ ते ३० क्रमांक लावा, कोनातले वेगळे लावा. आडव्या अक्षावर पहिला, उभ्यावर दुसरा, ३० ठिपके. ठिपके तिरप्या पट्ट्यात आले तर संबंध आहे, विखुरले तर नाही.

उभ्या रेघेचं राहिलं. तेवढ्याच लांबीची उभी रेघ आडवीपेक्षा लांब वाटते, हा नजरेचा जुना भ्रम आहे. ३० पैकी किती जणांनी उभीला जास्त माप दिलं, किती जणांनी कमी, किती जणांनी सारखं, एवढं मोजलं की झालं. त्यासाठी कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा. लोक तो हळूच फिरवतात, आणि मग उभी रेघ उभी राहत नाही.