गांजाचं तेल काढणाऱ्या कारखान्यात नोकरी कितपत धोक्याची आहे?

तुमच्या भाच्याला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळच्या एका परवानाधारक कारखान्यात ब्युटेन वापरून गांजाचं तेल काढायच्या विभागात नोकरी मिळतेय, तुमच्या ताईंनी स्फोटांचे व्हिडिओ पाहिलेत आणि आता घरात कुणाला चैन नाही, असं तुम्ही लिहिलंय. धोका खरा आहे, तो मी कमी करून सांगणार नाही. पण तो नेमका कुठे दडलेला असतो हे कळलं, तर जावं की नाही ते मुलगा स्वतः ठरवू शकेल. मी केमिकल इंजिनिअर. सुरुवातीची वर्षं मराठवाड्यात सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये (रसायनात विरघळवून तेल काढायच्या कारखान्यात) काढली, आता कोलोरॅडोत अशा कारखान्यांची अग्निसुरक्षा तपासतो. त्याला एवढंच सांगा: मुलाखतीला गेलास की यंत्र नंतर बघ, आधी खोली बघ.

व्हिडिओंतले बरेचसे स्फोट घरांतले, गॅरेजमधले असतात. तिथे ब्युटेन उघड्यावर सोडून तेल काढतात आणि सगळा वायू खोलीतच राहतो. कोलोरॅडोने 2015 मध्ये कायदा करून ज्वलनशील द्रावकाने (तेल विरघळवून घेणाऱ्या ब्युटेनसारख्या रसायनाने) विनापरवाना तेल काढण्यावर बंदी घातली. परवाना असलेल्या कारखान्यात यंत्रणा बंदिस्त असते. ब्युटेन एका टाकीतून निघतो, गांजाच्या पाल्यातून जाताना तेल विरघळवून घेतो, मग वायू होऊन तेल मागे ठेवतो आणि परत टाकीत येतो. 'क्लोज्ड लूप' म्हणतात ते हेच. पण बंदिस्त यंत्रही दर बॅचला उघडावं लागतं, गॅस्केट झिजतं, होजची जोडणी सैल होते. गळती कधीतरी होणारच असं धरून खोली बांधलेली असावी लागते.

हिशेबच मांडतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे बाहेर आला की लगेच वायू. एक लिटर द्रवाचा साधारण 240 लिटर वायू होतो. हवेत त्याचं प्रमाण 1.8 टक्क्यांवर गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे एक लिटर गळती जवळजवळ 13 घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. एखादी छोटी खोलीच झाली ती. शिवाय तो हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे सगळीकडे सारखा न पसरता जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या नाकाशी काही नसताना घोट्याशी स्फोटक मिश्रण असू शकतं. त्यात वासाचाही आधार नाही. आपल्या घरच्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तेल काढायला वापरतात त्या शुद्ध ब्युटेनमध्ये तो सहसा नसतो.

जड वाफ कुठवर जाते याचं उदाहरण माझ्या जुन्या धंद्यातलं आहे. 13 फेब्रुवारी 1981 ला अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातलं हेक्झेन, म्हणजे तिथलं ज्वलनशील द्रावक, गटारात गेलं. पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने ते पेटलं आणि दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते उखडले. माणसं मेली नाहीत हे नशीब. म्हणून मी कुठेही गेलो की आधी जमिनीतल्या जाळ्या आणि ड्रेन बघतो.

ठिणगीसाठी काडी ओढावी लागत नाही. ब्युटेन पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. कोलोरॅडोच्या कोरड्या हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावताना जो चटका बसतो, त्यातली ऊर्जा याहून जास्त असते. त्यामुळे टाक्या आणि नळ्या अर्थिंगला जोडलेल्या, पायात अँटिस्टॅटिक बूट आणि फोन बाहेर, एवढं तरी हवंच.

आता खोली. हवा ओढणारा पंखा जमिनीलगत आहे का? गॅस डिटेक्टर खाली बसवलेत का? छताजवळचा डिटेक्टर ब्युटेनसाठी बिनकामाचा. अमेरिकेतल्या अग्निसंहितांनी (अग्निसुरक्षेच्या नियमावल्यांनी) 2018 च्या आवृत्त्यांपासून या धंद्याला स्वतंत्र प्रकरण दिलंय. त्यांच्या नियमाप्रमाणे पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या 25 टक्क्यांपर्यंत वायू पोचला की डिटेक्टरने इशारा द्यायचा आणि त्याच क्षणी खोलीतल्या दिव्यांची बटणं आणि प्लग बंद व्हायचे. पंखा मात्र चालूच राहायचा. पंखा बंद पडला तरी बटणं आणि प्लग बंद झालेच पाहिजेत. आतलं विजेचं सामान, ज्याला आपल्याकडे प्लांटमध्ये फ्लेमप्रूफ म्हणतात, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरचा वायू पेटणार नाही, त्या दर्जाचं हवं.

कागदावर हे सगळीकडे असतं. माझी झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने: 'उगाच वाजतो' म्हणून गप्प केलेला डिटेक्टर, उत्पादन थांबू नये म्हणून बायपास केलेला इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच वीज आपोआप तोडणारी जोडणी. भाच्याला म्हणावं, "डिटेक्टर बरोबर मोजतो का याची तपासणी, म्हणजे कॅलिब्रेशन, शेवटची कधी झाली?" आणि "अलार्म वाजला तर काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे?" हे दोन प्रश्न मॅनेजरला न विचारता तिथे काम करणाऱ्या पोराला विचार. तो "आम्ही सगळेच थांबवू शकतो" म्हणाला तर बरं. तो इकडेतिकडे बघायला लागला तर तिथे पुन्हा जाऊ नकोस.

तेल काढायच्या खोलीबाहेरच्या दोन जागा लोक विसरतात. पहिली, वापरून झालेला पाला. सोयाबीनच्या पेंडेतून जसं हेक्झेन निघत राहतं तसा त्यातून ब्युटेन निघत राहतो, आणि असा पाला साध्या कचराडब्यात टाकलेला मी पाहिलाय. दुसरी, ब्युटेनचा अंश असलेला माल ठेवलेला घरगुती फ्रीज. त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी आतल्या वाफेला पुरेशी असते. गोदामाचंही तेच. मे 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या बॉइड स्ट्रीटवर अशाच धंद्याला माल पुरवणाऱ्या इमारतीला आग लागली. आत ब्युटेनचे डबे होते. स्फोटात अग्निशमन दलाचे 12 जवान जखमी झाले, काहींना छतावरून ज्वाळांमधून शिडीने उतरावं लागलं. आत किती आणि काय साठवलंय याची यादी दलाकडे आहे का, हेही विचारायला हवं.

ब्युटेनऐवजी इथेनॉलने (अल्कोहोलने) तेल काढणारा कारखाना तुलनेने सोपा, पण नेहमीच्या खोलीच्या तापमानाला त्याचीही वाफ पेटते आणि ज्योत उजेडात धड दिसत नाही. काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइडने तेल काढतात, तो पेटत नाही. तिथे भीती प्रचंड दाबाची आणि गळती झाली तर गुदमरण्याची.

भारतात हा प्रश्नच येत नाही, कारण 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात हशीश ऑइल चरसच्या व्याख्येतच बसतं. पण तुमचा भाचा अमेरिकेचा नागरिक नसेल तर स्फोटाइतकीच दुसरी काळजी करा. राज्याने परवाना दिला तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अवैधच आहे, आणि या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्याला इमिग्रेशनच्या वकिलाला भेटायला सांगा.