कॉस्कोचं कार्ड काढू का म्हणतेस, तर...

चि. भाचीबाई,

तुझा मेसेज मिळाला. ऑफिसमधले सगळे म्हणतायत कॉस्कोचं (म्हणजे वर्षाची फी भरून मेंबर व्हायचं आणि मोठ्या मापात स्वस्त सामान घ्यायचं, त्या अमेरिकेतल्या दुकानाचं) कार्ड काढा, पैसे वाचतात, तर काढू का? व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं हो लिहून मोकळी झाले असते तर तू शनिवारीच जाऊन कार्डावर फोटो काढून आली असतीस, तुझा स्वभाव मला माहितीय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस.

एक गोष्ट डोक्यात पक्की कर. कार्डाची फी वसूल होणं वेगळं आणि महिन्याचा घरखर्च कमी होणं वेगळं. फी सगळ्यांचीच वसूल होते गं. साधं कार्ड वर्षाला ६५ डॉलर (सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवली, त्याआधी ६० होती), म्हणजे महिन्याला साडेपाच डॉलरसुद्धा नाहीत, ते कशातूनही निघतात. मी आजवर ज्याला ज्याला विचारलं तो छाती पुढे काढून सांगतो की आमची फी तर दोन महिन्यांतच वसूल झाली, आणि त्यालाच विचारलं की बाबा रे, कार्ड काढायच्या आधी तुझं ग्रोसरीचं महिन्याचं बिल किती यायचं आणि आता किती येतं, की गप्प. कारण ते कुणी बघतच नाही.

घाऊक सामान भरून ठेवायच्या या मोहात आपण मराठी माणसं जरा जास्तच पडतो असं माझं मत आहे. आपल्याकडे साठवण म्हणजे शहाणपण. तुझी पणजी उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायची, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत, आणि ते बरोबरच होतं कारण घरात खाणारी बारा तोंडं होती आणि गहू वर्षभर टिकतात. तुम्ही दोघं, वन बेडरूम, भाड्याचा फ्रिज, आणि तो फ्रीझर इतकुसा की त्यात बर्फाचा ट्रे ठेवला की मटारची पिशवी आडवी बसत नाही. तुम्हाला कोठीचं गणित लावून कसं चालेल?

मुळात ही दुकानं तुझ्यामाझ्यासाठी निघालीच नव्हती. १९७६ साली सॅन डिएगोमध्ये सोल प्राइस नावाच्या माणसाने विमानांच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब काढला तो छोट्या व्यापाऱ्यांसाठी, म्हणजे हॉटेलवाला, दुकानदार अशांनी फी भरायची आणि घाऊक दरात माल उचलायचा. १९८३ मध्ये सिएटलला पहिलं कॉस्को उघडलं, आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या. त्यामुळे पाकिटांचा आकार अजूनही हॉटेलवाल्याच्या मापाचाच आहे. अंडी पाच डझन, टॉयलेट पेपर तीस रोल.

आता तू म्हणशील की मावशी, मग ते खरंच स्वस्त असतं की नुसतं वाटतं? खरंच स्वस्त असतं. ती फसवणूक नाही. ब्रँडेड मालावर १४ टक्क्यांच्या वर आणि त्यांच्या स्वतःच्या कर्कलंड ब्रँडवर १५ टक्क्यांच्या वर मार्कअप, म्हणजे खरेदीदरावरची वाढ, लावायचा नाही असा त्यांचा नियमच आहे. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये तीसेक हजार प्रकारच्या वस्तू असतात, यांच्याकडे चार हजाराच्या आसपास, म्हणून त्याच वस्तू प्रचंड प्रमाणात घेऊन घासाघीस करता येते. कमाई कुठून तर बरीचशी तुमच्या फीमधून, २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या फीचे ४.८ अब्ज डॉलर आले आणि कंपनीचा निव्वळ नफा होता ७.४ अब्जाच्या आसपास. म्हणजे बघ, त्यांना बदामावर फार कमवायचंच नाहीये, तू पुढच्या वर्षी कार्ड रिन्यू करावंस एवढंच हवंय, आणि अमेरिका-कॅनडात नव्वद टक्क्यांवर लोक करतात.

म्हणजे दर खरा आहे. गडबड होते ती आपल्या स्वयंपाकघरात.

एक हिशोब करून दाखवते. समज एका भाजीचा बाहेर दर १०० आहे (डॉलर, सेंट, काहीही धर) आणि तिथे तीच ८०. वीस टक्के स्वस्त, छान. पण तिथे ती तिप्पट मापातच मिळते, म्हणजे २४० देऊन तीन मापं घरी आली. दोन खाल्ली, तिसरं फ्रिजच्या तळाशी पाणी सुटून गेलं. तर जे खाल्लंस ते १२० ने पडलं, वीस टक्के महाग! बेबी पालकाचा तो मोठा डबा बघशील ना, दोघांच्या घरात हे हमखास होतं, पहिल्या दिवशी पालक पनीर, दुसऱ्या दिवशी सॅलड, तिसऱ्या दिवशी नवरा म्हणतो आज बाहेर खाऊया का, आणि रविवारी डबा उघडला की वास.

आणि दुसरा प्रकार याहून लबाड, कारण त्यात काही वायाच जात नाही. बिस्किटांचा खोका, चिप्सची पोत्याएवढी पिशवी, चॉकलेट लावलेले बदाम. हे सगळं संपतं, अगदी वेळेत संपतं, म्हणून वाटतं की चला, वसूल झालं. अगं पण छोटं पाकीट आणलं असतंस तर तेही आठवडाभर पुरलंच असतं की! घरात मोठा डबा असला की मूठ मोठी होते. हा खर्च कुठल्याच बिलावर वेगळा दिसत नाही.

मग काय घ्यायचं तिथून, तर माझ्या मते यादी लहान आहे. पहिलं नाव लोण्याचं. बिनमिठाचं बटर, एकेक पौंडाची चार पाकिटं असतात, म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम. अमेरिकेत बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो, त्यामुळे कढवलंस की साधारण एक किलो चारशे ग्रॅम तूप मिळतं. मंद आचेवर ठेव, फेस बसला आणि खाली बेरी बदामी झाली की गॅस बंद, जास्त थांबलीस तर करपट लागतं. हे तूप आणि इंडियन स्टोअरमधली तुपाची बरणी, दोघांचा पौंडाचा दर काढून बघ, मला आजवर एकदाही बरणी स्वस्त पडलेली नाही. आणि तूप बाहेर राहतं, फ्रिजमध्ये जागा खात नाही. बदाम, अक्रोड, काजू घे पण पिशवी आणल्या आणल्या निम्मं फ्रीझरमध्ये टाक, नाहीतर अक्रोडाला खवट वास येतो. बासमतीची मोठी पिशवी, कपडे धुवायचं डिटर्जंट, डिशवॉशरच्या गोळ्या. उद्या घरात बाळ आलं (आईने सांगितलंय म्हणून विचारत नाहीये) तर डायपर, तेव्हा मात्र डोळे मिटून कार्ड काढ.

तूरडाळ, पोहे, गूळ, कढीपत्ता, हिंग, यासाठी ओक ट्री रोडला, आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, जावंच लागणार. म्हणजे कॉस्कोमुळे तुझी एक फेरी वाचत नाही, एक फेरी वाढते. आणि नेहमीच्या दूध-ब्रेड-भाजीला अल्डी आणि लिडल ही स्वस्त सुपरमार्केटं आहेत, तिथे फी नाही की काही नाही, अल्डीत ढकलगाडीसाठी एक क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं, लागतो तोही परत मिळतो. शॉपराइट सुपरमार्केटच्या जानेवारीतल्या कॅन कॅन सेलमध्ये डबाबंद छोले-राजमा घेऊन ठेवलेस की महिने सुटतात. कॉस्कोत कंपन्यांची कुपनं चालत नाहीत, बीजेज या तसल्याच मेंबरशिपच्या दुकानात चालतात, तुला कुपनं कापायचा नाद असेल तर बीजेजचा विचार कर, नसेल तर सोड.

कॉस्कोच्या पंपावरच्या स्वस्त पेट्रोलबद्दल जावईबापू नक्की बोलणार. पुरुषांना पंपावर वाचलेले सेंट फार गोड लागतात. तर समज गॅलनला २५ सेंट वाचले, टाकीत १२ गॅलन गेलं, झाले ३ डॉलर. महिन्यातून दोनदा भरलं तर वर्षाला ७२, म्हणजे पेट्रोलवरच फी निघाली! पण पंप घरापासून दहा मैल असेल आणि खास त्यासाठीच गेलात तर जाऊन येऊन वीस मैल, तुमची गाडी गॅलनला तीस मैल देत असेल तर पाऊण गॅलनच्या आसपास जाण्यायेण्यातच जळलं, त्या तीन डॉलरमधले दोनेक डॉलर तिथेच संपले, वर शनिवारची रांग, आणि न्यू जर्सीत स्वतः भरायची सोय नाही म्हणजे अटेंडंट येईपर्यंत बसा. ऑफिसच्या वाटेवर असेल तरच हा फायदा धर. आणि सगळ्याच दुकानांना पंप नसतो, आधी नकाशावर बघ.

काउंटरवरची मुलगी एक्झिक्युटिव्ह कार्ड घ्या म्हणून मागे लागेल, १३० डॉलर, खरेदीवर दोन टक्के परत. ऐकायला छान वाटतं. जादाचे ६५ डॉलर नुसते भरून निघायलाच वर्षाला ३२५० ची खरेदी लागते, महिन्याला २७१, आणि पेट्रोल आणि फूड कोर्ट त्यात धरत नाहीत. दोन माणसांनी तिथे महिन्याला २७१ चं काय घ्यायचं? मग लोक काय करतात, दोन टक्के मिळतात म्हणून शंभराचं जास्त सामान घेतात. दोन डॉलर मिळवायला अठ्ठ्याण्णव घालवायचे, याला काय म्हणायचं तूच सांग. पाच जणांचं कुटुंब, सासू-सासरे सहा महिने राहायला आलेत, अशांना परवडतं, तुम्हाला आत्ता नाही.

पैसे देताना अजून एक, दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं. नव्याने आलेल्या मुलांकडे बऱ्याचदा डिस्कव्हर या दुसऱ्या कंपनीचं पहिलं क्रेडिट कार्ड असतं, ती भरलेली गाडी घेऊन काउंटरवर उभी राहतात आणि मागे ही रांग. डेबिट कार्ड जवळ ठेव.

सामान सोडून बाकीच्या गोष्टींतही पैसे आहेत आणि लोक त्या विसरतात. टायर तिथून घेतले तर रोटेशन, बॅलन्सिंग, पंक्चर सगळं त्यातच येतं. भाड्याची गाडी त्यांच्या ट्रॅव्हल साइटवरून बघ, भारतातून कुणी आलं आणि नायगारा करायचा असला की एका बुकिंगमध्ये फरक दिसतो. औषधांसाठी मात्र कार्ड लागत नाही, प्रिस्क्रिप्शनची औषधं फार्मसीत कुणालाही मिळतात, दारावर तसं सांगायचं.

आत गेल्यावर लक्षात येईल, रोजच्या लागणाऱ्या गोष्टी पार मागे आहेत. ४.९९ ची ती भाजलेली कोंबडी मागच्या भिंतीला, आणि दारात टीव्ही, दागिने, पुढे ब्लँकेटं, तंबूएवढी छत्री, कयाक. कयाक! बाहेर पडताना दीड डॉलरचा हॉटडॉग आणि सोडा, १९८५ पासून तीच किंमत, तो खाल्ला की माणसाला वाटतं आज खूप बचत झाली, आणि हातातलं बिल तीनशेचं. स्वस्ताई तिथे हवेतच असते. म्हणून यादी कागदावर लिहून ने, फोनवर नको, फोनवर यादी वाढते. आणि भूक लागलेली असताना जाऊ नकोस, हे तर तुला आईनेही सांगितलं असेल.

आता कार्ड काढायचं की नाही. आधी मागच्या दोन महिन्यांची ग्रोसरीची बिलं काढ, असतील ना बँकेच्या अ‍ॅपमध्ये, आणि महिन्याचा आकडा एका वहीत लिही. मग मी किंवा तुझी ती ऑफिसमधली मैत्रीण जाऊ तेव्हा आमच्याबरोबर चल, मेंबरला दोन पाहुणे आत नेता येतात, पैसे मेंबरनेच द्यायचे, तू नंतर झेल कर, म्हणजे फोनवरून बँकेतून पैसे पाठव. शेल्फवरच्या पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात औंसाचा किंवा पौंडाचा दर लिहिलेला असतो, तोच बघायचा, मोठ्या अक्षरातली किंमत नाही. तुझ्या यादीतल्या वस्तूंचे दर टिपून घे आणि अल्डीशी ताडून बघ. फरक वर्षाला दीडशेच्या वर जात असेल तर काढ. शंभराच्या आत असेल तर माझ्याबरोबर येत राहा, बटर आणि अक्रोड अर्धे अर्धे करू.

काढलंसच तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं कार्ड फुकट मिळतं, त्याच पत्त्यावर राहणारं हवं, जावईबापूंचं करून घे. आणि सहा महिन्यांनी वहीतला आकडा परत बघ. कमी झाला नसेल तर काउंटरवर जाऊन सांगायचं की समाधान नाही, मेंबरशिप रद्द करा, पूर्ण फी परत देतात, कधीही. त्यात लाजायचं काही नाही, ते त्यांच्याच नियमात लिहिलंय. आपल्या लोकांना उगाच वाटतं की मागायचं कसं.

मी या शनिवारी जाणार आहे, दहाच्या आत, नंतर पार्किंग मिळत नाही. बटर हवं असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळव आणि येताना बरण्या घेऊन ये, काचेच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या, तूप इथेच कढवू. जावईबापूंना आणणार असलीस तर टीव्हीच्या बाजूने नेऊ नकोस.

तुझी,
मावशी