वाचक विचारतात: स्टार्टरचे कॉन्टॅक्ट घासायचे की बदलायचे?

प्रश्न: नमस्कार सर, विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोटर आहे. बटण दाबलं की स्टार्टर तडतड करतो, उघडून बघितलं तर आतले करंट जोडणारे कॉन्टॅक्ट काळेठिक्कर. वायरमन दर वेळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून देतो, थोडे दिवस बरं चालतं की परत तेच. नवीन स्टार्टरच घेऊ का? (एक वाचक, ता. निफाड)

उत्तर: दादा, स्टार्टर राहू द्या, आधी तो पॉलिश पेपर लांब ठेवा. कॉन्टॅक्टच्या पट्टीवर जी छोटी पांढरट टिकली असते ना, ती चांदीच्या मिश्रधातूची असते. ती वापरून काळी पडणारच आणि त्या काळेपणाने करंट फारसा अडत नाही, तांब्याचं वेगळं, तांबं काळं पडलं की अडतो. घासल्यावर दिसायला मस्त दिसतं पण दर वेळी थोडी चांदी जाते, पेपरचे कण टिकलीत रुततात, पृष्ठभाग वाकडातिकडा होतो आणि मग दोन टिकल्या एकमेकांवर नीट बसतच नाहीत, ठिणगी आणखी वाढते. म्हणजे तुमचा वायरमन मनापासून काम करतोय पण आजार वाढवतोय 😀

वितळून एखादा दाणा वर आला असेल तर बारीक कानशीने तेवढाच काढा, बस्स. टिकली झिजून खालचं तांबं दिसायला लागलं किंवा खड्डा पडला तर मात्र कॉन्टॅक्टचं किटच बदला, तिन्ही फेजचं, खालचे वरचे आणि स्प्रिंगसकट. एकच फेज बदलून पैसे वाचत नाहीत, एका फेजचा कॉन्टॅक्ट नीट लागला नाही तर मोटर दोन फेजवर चालून जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च तुम्हाला माहितीच आहे.

आता खरं कारण. तडतड आवाज बहुतेक वेळा कमी व्होल्टेजचा असतो. स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्ट ओढून धरणाऱ्या चुंबकाची कॉइल असते, ती ४१५ व्होल्टची असेल तर नीट ओढायला साधारण ३५० तरी लागतात. लाइट आली की ऑटो स्विचच्या कृपेने अख्ख्या डीपीवरच्या (म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, कॉइल धड ओढत नाही धड सोडत नाही, आणि चालू मोटर ७-८ अँपिअर घेत असली तरी सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट घेते, तो सगळा करंट त्या उघडझाप करणाऱ्या टिकल्यांमधून जातो. म्हणून व्होल्टमीटर बघून सुरू करा किंवा ऑटोला टायमर लावून तुमची मोटर थोडी उशिरा उठू द्या. व्होल्टेज ठीक असूनही घुंघुं येत असेल तर चुंबकाच्या लोखंडी तोंडांवर गंज किंवा माती असेल, कोरड्या फडक्याने पुसा, तेल-ग्रीस अजिबात नको, चिकटून बसतं.

मग स्क्रू बघा. वायर ॲल्युमिनियमची असेल तर ती दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. त्या ढिल्या जागी नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तरी ७ अँपिअरला जवळपास २५ वॅट उष्णता, म्हणजे पेटीत एक सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखं! थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून घट्ट आवळा, जळकं टोक कापून टाका.

आणि मुंग्या. टिकल्यांमध्ये चिरडून बसतात, वर पालही येते. पेटीला वायरीची भोकं उघडी ठेवू नका.

हे सगळं मेन बंद करून, तिन्ही किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकून आणि तरीही टेस्टर लावून बघून मगच. लाइट कधी येईल सांगता येत नाही. पायात कोरडी चप्पल हवी. जमत नसेल तर वायरमनला बोलवा, फक्त पेपर आणू नको म्हणावं.

प्रश्न: इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते, काय लावू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, ती बुरशी नाही, ॲसिडच्या वाफेने धातूवर आलेला क्षार आहे. इन्व्हर्टर बंद करून प्लगही काढा, आधी निगेटिव्ह वायर सोडा मग पॉझिटिव्ह. बॅटरीच्या पाण्याची झाकणं घट्ट आहेत ना बघा, खायचा सोडा आत गेला तर ॲसिडच मरेल. मग कोमट पाण्यात सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस थांबला की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. जोडताना आधी पॉझिटिव्ह. घट्ट आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलीन लावा, आधी नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि साडीचा पदर खोचून घ्या, ॲसिडने भोकं पडतात.